इथला चंद्र धरायचा की तिथला?

आमच्या घरात कुणीही प्रवासाला निघालं की माझ्यासमोर बॅग भरत नाही. मी स्वयंपाकघरात असेन तेव्हा बेडरूमचं दार लोटून भरतात. कारण मी समोर असले की विचारत सुटते. गोळ्या घेतल्या का, पट्टीवर गोळीचं नाव दिसतंय की तेवढाच भाग कापून टाकलाय, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आहे का, आणि शेवटी, विमा काढला का. आमचे हे म्हणतात, "अगं, लोणावळ्याला चाललोय." मी म्हणते, लोणावळ्याच्या वाटेवर घाट आहे.

घरच्यांच्या मते हा माझा स्वभाव. थोडा आहेच, पण बराचसा दोष नोकरीचा. परदेशात फिरायला गेलेला माणूस आजारी पडला, पाय मुरगळला, बॅग हरवली, की पॉलिसीवर छापलेल्या नंबरला फोन करतो. तो फोन उचलणाऱ्यांपैकी मी एक होते. ऑफिस विश्रांतवाडीत, घर सदाशिव पेठेत, आणि जीव कायम तिसऱ्याच देशात. काळजी करण्याचा मला पगार मिळायचा. मागच्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा पगार थांबला.

लोकांना वाटतं प्रवासाचा विमा म्हणजे परत आल्यावर बिलं जोडायची आणि पैशांची वाट पाहायची. तेही असतंच. पण आमचं काम त्याच्या आधीचं. फोन आला की आम्ही केस उघडायची, आमच्या डॉक्टरांशी बोलायचं, त्या गावातल्या आमच्या माणसांकडून दवाखाना गाठायचा, आणि दवाखान्याला हमीपत्र पाठवायचं की उपचार सुरू करा, पैशाचं आम्ही बघतो. परक्या गावात, परक्या भाषेत, हातात आजारी माणूस घेऊन उभ्या असलेल्याला हे सगळं एका फोनवर मिळतं. युरोपात व्हिसासाठी विमा लागतो म्हणून लोक नाक मुरडून काढतात. जिथे सक्ती नसते, तिथे आपल्याला काय होणार आहे, असं म्हणून विमानात बसतात.

विमा विकणं माझं काम नव्हतं, तरी लग्नाकार्यात लोक मला गाठायचे. आमचे शेजारी नाना सिंगापूरला निघाले होते. त्यांनी जिन्यातच विचारलं, "काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का?"

"नाही."

"म्हणजे तुमचा फायदा व्हावा म्हणून मी ठणठणीत राहायचं."

"हो, तेवढं कराच," मी म्हटलं.

नाना विमा न काढता गेले आणि ठणठणीत परत आले. आजही जिन्यात भेटले की मला तब्येत दाखवतात.

एका गृहस्थांनी थायलंडहून फोन केला होता. बोटीत उलटी झाली आणि उलटीबरोबर कवळी समुद्रात गेली. "कवळी सामानात धरायची की शरीरात?" हा त्यांचा प्रश्न. शरीरात धरली तर अपघात, सामानात धरली तर हरवलेलं सामान, म्हणजे कुठूनही बघितलं तरी भरपाई मिळायला हवी. मी वरिष्ठांना विचारून आले. आमच्या पॉलिसीत ती दोन्हीकडे बसत नव्हती. उरलेली सहल त्यांनी मऊ भात आणि आइस्क्रीमवर काढली आणि परत आल्यावर आमच्याविरुद्ध मुद्देसूद तक्रार केली.

भांडणाऱ्या माणसांची मला कधी भीती वाटली नाही. ज्याच्या अंगात भांडायची ताकद आहे त्याचं बरं चाललेलं असतं. हळू आवाजात, "उगाच त्रास देतोय," असं म्हणून कुणी सुरुवात केली की मात्र मी खुर्ची पुढे ओढायचे.

सुधाकर बोंडे यांचा फोन असाच आला. पुण्यात दुपार होती, आम्ही नुकतेच डबे खाऊन बसलो होतो.

"उगाच त्रास देतोय मॅडम, पण एक विचारायचं होतं. आज संकष्टी आहे. आमच्या मिसेसचा उपवास असतो. तर चंद्र इथला धरायचा की तिथला?"

मी हसणार होते. "काका, तुम्ही आहात कुठे?"

वयानं ते माझ्याहून फार मोठे नसावेत, पण फोनवर आम्हाला सगळे काका आणि काकूच. बोंडेकाका आणि प्रमिलाकाकू जपानमध्ये होते, क्योटोत. मूळचे वर्ध्याकडचे, काकांची सगळी नोकरी इकडच्या कारखान्यात झालेली, घर विश्रांतवाडीतच, आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आयटीतल्या मुलीनं, पल्लवीनं, हौसेनं आईवडलांना ग्रुप टूरबरोबर पाठवलं होतं, विमाही तिनंच काढला होता आणि आमचा नंबर काकांच्या मोबाइलच्या पाठीवर चिकटवून दिला होता.

भांडण असं होतं. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सोडायचा. क्योटोत पाऊस, चंद्र दिसायचा प्रश्नच नाही, मग कॅलेंडरमध्ये छापलेली वेळ धरायची. काका म्हणत होते, इथल्या घड्याळात तेवढे वाजले की सोड. काकू म्हणत होत्या, कॅलेंडर आपल्याकडचं, तेव्हा वेळही आपल्याकडचीच. त्यांनी मनगटावरचं घड्याळ निघाल्यापासून बदललंच नव्हतं. जपानात अंधार पडला होता आणि त्यांच्या हातावर दुपार होती. पुण्याचा चंद्र उगवेपर्यंत तिकडे मध्यरात्र उलटून जाणार होती.

"म्हटलं, कुणी अधिकाराचं माणूस सांगेल तर ऐकेल," काका म्हणाले. मग आवाज आणखी हळू करून म्हणाले, "आणि तिला जरा गरगरतंय. गार हवेत घाम आलाय. हात थरथरतात. माझ्यावर ओरडली मघाशी. कधी ओरडत नाही हो."

माझं हसू गेलं. घाम, थरथर, विनाकारण चिडणं. ही तिन्ही एका ओळीत आली की आमच्याकडे एकच गोष्ट आधी विचारायची असते.

"काकूंना शुगर आहे का?"

"छे. काही नाही. शुगर नाही, बीपी नाही. फक्त कॅल्शियमच्या गोळ्या, गुडघ्यांसाठी. पल्लवीनं विम्याच्या वेळी विचारलं होतं, तसंच सांगितलं."

"सकाळपासून खाल्लंय काय?"

"चहा आणि एक केळं. साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू सगळं मोठ्या बॅगेत होतं. मोठ्या बॅगा टूरवाल्यांनी ट्रकनं पुढच्या गावी पाठवून दिल्या. आणि दिवसभर देवळं चढलो."

टूर मॅनेजर बाकीच्यांना घेऊन जेवायला गेला होता. पल्लवी मीटिंगमध्ये होती, फोन उचलत नव्हती. खोलीत ही दोघंच. मी काकांना म्हटलं, "फोन काकूंकडे द्या आणि तुम्ही जरा गरम पाणी करून आणा." गरम पाण्याची काही गरज नव्हती. नवरा खोलीतून गेल्याशिवाय आपल्याकडच्या बायका दुखणं सांगत नाहीत, एवढं या खुर्चीत मी शिकले होते.

"ताई, मी बरी आहो," काकू म्हणाल्या. आवाज जड होता. "हे उगाच घाबरतात."

"काकू, कॅल्शियमच्या डबीत कसल्या गोळ्या आहेत?"

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाल्या, "ताई, यायले सांगू नका." यायले म्हणजे काकांना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमची लाइन रेकॉर्ड होते, फोन लागताच तशी सूचनाही ऐकू येते. जो आजार विमा काढताना सांगितलेला नाही त्यावरचा खर्च कंपनी नाकारू शकते, आणि काकू आता जे बोलणार होत्या ते उद्या कुणीतरी बसून ऐकणार होतं. न विचारता सोडलं असतं तर कागदोपत्री सगळं साफ राहिलं असतं आणि तिथल्या डॉक्टरला काय झालंय हे कळलं नसतं. मी म्हटलं, "काकू, हे बोलणं रेकॉर्ड होतंय. तरीही सांगा. सांगाच."

"शुगरच्या आहेत. दिवाळीपासून," काकू म्हणाल्या. "यायच्या भावाचा पाय गेला शुगरनं. तवापासून कोणी शुगरचं नाव काढलं तरी यायले जेवण जात नाही. आन् पल्लवीले समजलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं."

"आजची गोळी घेतली?"

"घेतली ना. गोळी कशी चुकवन?"

उपाशीपोटी शुगरची गोळी आणि दिवसभर चाल. साखर खाली उतरत चालली होती, आणि ती तशीच उतरत गेली तर माणूस आधी बरळतो, मग झोपतो, आणि सगळ्यांना वाटतं दमून झोपलं. मी त्यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता साखर खा, समोर चहाचं सामान असेल, त्यात पुड्या असतील.

"चंद्र झाल्याबिगर नाही."

"काकू, देव काही म्हणणार नाही."

"तुमाले नाही समजत, ताई." आता शब्द एकमेकांत अडकत होते. "हा उपवास त्याच्यासाठीच धरला. यायच्या भावाचा पाय कापला ना, त्या महिन्यापासून. यायले शुगर होऊ नये म्हणून. मी मोडला आन् यायले झालं तर?"

नोकरीत मी डॉक्टरांना पटवलं आहे, विमानकंपन्यांना पटवलं आहे. या बाईलाही पटवायला मी बोलू लागले. आणि तेव्हा लक्षात आलं की फोनमध्ये माझाच आवाज मला परत ऐकू येतोय. काकांनी फोन स्पीकरवर ठेवलेला होता. त्या वयाची सगळी माणसं फोन स्पीकरवरच ठेवतात, हे मला माहीत असूनही घाईत सुचलं नव्हतं. खोली केवढीशी असणार. गरम पाणी करणारा माणूस सगळं ऐकत उभा होता.

"प्रमिला," काका म्हणाले, "हे तू मले सांगतलं नाही?"

इतका वेळ स्वच्छ पुणेरी मराठीत बोलत होते. माणूस घाबरला की त्याच्या गावाकडची बोली वर येते, हे मी हजारदा ऐकलं आहे. रागावले असतील असं वाटून मी म्हटलं, "काका, नंतर बोला. आधी साखर."

पुड्या फाडल्याचा आवाज आला. काकू काहीतरी पुटपुटल्या, त्यात चंद्र एवढंच कळलं. काका म्हणाले, "पाप लागन तं मले लागन. तू खाय."

मी ओरडून सांगत होते, गिळता येत असेल तरच द्या, बळजबरी घालू नका, श्वासात जाईल. काका म्हणत होते, "खाते, खाते जी." मग म्हणाले, "मॅडम, हिनं डोळे मिटले." आणि फोन बंद पडला.

परत लावला. लागत नव्हता. पुन्हा लावला.

यापुढचा वेळ कसा गेला ते मला आजही नीट सांगता येत नाही. क्योटोतल्या आमच्या माणसांनी हॉटेलला कळवून अॅम्ब्युलन्स पाठवली. आमचे डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात न्यावंच लागेल, काही गोळ्यांचा असर लांबतो, साखर खाऊन माणूस वर येतो आणि परत खाली जातो, तेव्हा गोळी कोणती ते शोधा. गोळ्या तर कॅल्शियमच्या डबीत सुट्या टाकलेल्या. पट्टी पुण्यात. पल्लवी एकदाची फोनवर आली. तिला मी आईला शुगर आहे हे सांगितलं तेव्हा ती आधी म्हणाली, तुमचा काहीतरी गोंधळ झालाय.

"घरी जा," मी म्हटलं. "बाबा आणि तू जिथे कधी हात घालत नाही, तिथे बघ. देवघरात वातींचा डबा आहे का?"

माझी आई जे काही लपवायची ते वातींच्या डब्यात. एवढ्याच आधारावर मी त्या मुलीला गाडीवर पिटाळलं, आणि ती रडत गाडी चालवेल, रस्त्यात तिलाच काही होईल, या विचारानं पुढचा वेळ काढला. तिनं पट्टीचा फोटो पाठवला. फोटोत मागे फुलवाती होत्या. तो फोटो आम्ही जपानला पाठवला. तिथल्या डॉक्टरांना तेवढंच हवं होतं.

माझी ड्यूटी संपली होती, मी खुर्चीत तशीच बसून होते. चहा समोर येऊन गार झाला. शेजारची मैत्रीण म्हणाली, तू घरी जा, मी कळवते. मी जाऊन काय करणार होते? अखेर निरोप आला. शुद्धीवर आहेत, सलाइन चालू आहे, दोन-तीन दिवस ठेवून घेतील. शुद्धीवर येताच पेशंट सारखी मनगटाकडे बोट करून काही विचारतेय, असं तिथल्या नर्सनं आमच्या माणसांना सांगितलं. काय विचारतेय ते तिला समजत नव्हतं. मला समजलं.

केसमध्ये मी ऐकलेलं सगळं लिहिलं. त्यामुळे त्यांचा खर्च अडू शकतो हे माहीत असूनही लिहिलं. बोंडे कुटुंबाला पूर्ण खर्च मिळाला नाही. जीव धोक्यात असेल तर सांगायच्या राहिलेल्या आजारावरही मर्यादेपर्यंत खर्च देणारं एक कलम त्यांच्या पॉलिसीत होतं, तेवढं मिळालं, बाकीचं पल्लवीनं भरलं. शुगर आधीच सांगितली असती तर हप्ता थोडा वाढला असता आणि बरंच निभावलं असतं. म्हणून मी लोकांच्या मागे लागते की जे आहे ते सांगा, विमा कंपनीला सांगा, आणि त्याआधी घरच्या माणसाला सांगा. विम्याच्या हप्त्यात आपण जे विकत घेतो त्यात पैसे असतात तसा पलीकडून उचलला जाणारा फोनही असतो, आणि त्या संध्याकाळी क्योटोतल्या खोलीत बोंडेकाकांना पैशांपेक्षा तो फोनच हवा होता. तो नंबर नसता तर चंद्राचा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला असता, हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

पुढे काही महिन्यांनी, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी, गेटवरच्या वॉचमननं वर फोन केला. कुणी बाई आल्यात, वैशाली नावाच्या ताई पाहिजेत म्हणतात. आमच्याकडे ग्राहकांना आत येऊ देत नाहीत, मीच खाली गेले. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडीतल्या बाई, हातात पिशवी. फोन उचलताना आम्ही आपलं नाव सांगतो, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

"मी प्रमिला बोंडे. चालतच आली. इथंच तर राहतो."

प्रकृती चांगली दिसत होती. शुगर आता आटोक्यात आहे म्हणाल्या, गोळ्या आता डायनिंग टेबलावर राजरोस असतात, आणि डॉक्टरांनी उपवासाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. बोलताना पिशवीचे बंद चाळवत होत्या. मला कळलं की विचारायचं काही वेगळंच आहे.

"ताई, त्या दिवशी मले काही आठवत नाही. हे काय बोलले तवा? यायले विचारलं तर टीव्हीचा आवाज मोठा करतात. तुमच्याकडे रेकॉर्ड हाय ना?"

रेकॉर्डिंग ऐकवायची आम्हाला परवानगी नसते. तशी गरजही नव्हती.

"म्हणाले, पाप लागन तं मले लागन. तू खाय."

काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. वॉचमन दुसरीकडे बघायला लागला.

"तरीच," शेवटी म्हणाल्या. "जपानवरून आल्यापासून दर संकष्टीला हे उपाशी राहतात. आजवर कधी देवाले हात जोडले नाहीत. विचारलं तर म्हणतात, पोट सुटलंय म्हणून कमी खातो. आन् रात्री गच्चीवर जाऊन उभे राहतात. पाऊस असला तरी."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटलं. पण माझ्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"काकू, त्यांची शुगर तपासलीत का?"